ठकीचं आपण काय देणं लागतो?

आमच्या ठकीला एकही दात नाही. ठकी म्हणजे आमची मांजर, वय साधारण अकरा. मी बारावीत असताना आकुर्डीतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून ती पाचव्या मजल्यावर आली आणि राहिली. दोन वर्षांपूर्वी तिच्या हिरड्यांना असा आजार झाला की शेवटी सगळे दात काढावे लागले. तेव्हापासून लोक आम्हाला दोन प्रश्न विचारतात. 'अरेरे, मग आता ती खाते कशी?' आणि 'मग आता तिचा उपयोग काय?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ते आधी देऊन टाकतो, म्हणजे दुसऱ्याकडे नीट बघता येईल.

मोठ्या मांजराला तीस दात असतात. पुढचे बारा अगदी बारीक, मग चार सुळे, आणि मागे दाढा. सुळे शिकार धरून मारायला, दाढा कात्रीसारखं मांस कापायला. आपण घास चावून चावून दळतो, तसं दळणं मांजराला जमतच नाही, कारण तिचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही. ती कापते आणि गिळते. त्यामुळे कापायचं काम दुसऱ्या कोणी करून दिलं की जेवणापुरते दात नसले तरी चालतं. ठकीला जो आजार होता त्यात हिरड्या आणि तोंडाची आतली त्वचा कायम सुजलेली राहते. मांजर भुकेने ताटलीपर्यंत जाते आणि पहिल्याच घासाला दचकून मागे येते. औषधांनी भागलं नाही तर जवळजवळ सगळे किंवा सगळे दात काढणं हा जगभरातले डॉक्टर करतात तो उपचार आहे, आणि बऱ्याच मांजरांना त्याने खरंच आराम पडतो. ठकीला पडला. दात होते तेव्हा ती उपाशी होती, आता दात नाहीत आणि ती जाड झाली आहे. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण तिला लागू होत नाही.

म्हणजे कीव करण्यासारखं फारसं काही नाही. उरतो तो उपयोगाचा प्रश्न. तो वरवर उर्मट वाटतो, पण मला तो प्रामाणिक वाटतो.

*

माणूस आणि मांजर यांची ओळख कशी झाली याची गोष्ट साधारण अशी सांगतात. माणसाने शेती सुरू केली, धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरं. कुत्र्यासारखं मांजराला कोणी शिकवून, राबवून माणसाळवलं नाही. ती आपल्या पायाने आली, कारण तिला इथे फायदा दिसला. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं सापडलं. हा शोध २००४मध्ये प्रसिद्ध झाला. सायप्रसवर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे कोणीतरी ती होडीतून तिथे नेली होती. तोपर्यंत हा व्यवहार चांगलाच जमला असणार.

व्यवहार हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तिने उंदीर मारायचे, आपण तिला हुसकावायचं नाही. त्यात गोडवा नंतर आला. आणि या व्यवहारातली तिची बाजू म्हणजे तिचे दात. दात गेले, की कराराच्या भाषेत सांगायचं तर एका पक्षाकडे देण्यासारखं काही उरलं नाही. मग दुसरा पक्ष मोकळा होतो का?

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न फक्त मांजराचा वाटत नाही. इथे प्रत्येक घरात कोणीतरी कारखान्यात होतं. १९७२मध्ये आलेली चेतक स्कूटर याच आकुर्डीत तयार व्हायची. २००७मध्ये इथल्या कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन थांबलं, आणि २०२२मध्ये त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना उभा राहिला. यंत्राच्या जगात हे चांगलं जमतं. जुनं मॉडेल बंद, मग त्याच नावाने नवं. माझ्या कामातही तेच आहे. आमच्याकडे जुन्या सॉफ्टवेअरला 'लेगसी' म्हणतात. ते सांभाळायचा खर्च नवं लिहिण्यापेक्षा जास्त झाला की एक तारीख ठरते आणि सर्व्हर बंद होतो. कोणालाही वाईट वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

माझे बाबा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, मग व्हीआरएस घेतली. ठकीच्या ऑपरेशनचा आकडा ऐकून त्यांनी पहिल्यांदा मेंटेनन्सवाल्यासारखाच हिशेब मांडला. दुरुस्तीचा खर्च किती, उरलेलं आयुष्य किती. खर्च एका मधल्या किमतीच्या फोनएवढा होता. आयुष्य, डॉक्टरांच्या अंदाजाने, चार-सहा वर्षं. बाबा गप्प बसले. मग म्हणाले, 'हा हिशेब माणसाला लावला तर व्हीआरएसनंतर मलाही भंगारात काढावं लागेल.'

आज ठकीसाठी उकडलेलं चिकन मिक्सरच्या छोट्या भांड्यात बारीक करायचं काम बाबांकडे आहे.

*

उपयोग हे कारण बाद केलं, तर मग कोणत्या कारणासाठी सांभाळायचं?

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने त्याच्या नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांमध्ये म्हाताऱ्या कुत्र्याचं उदाहरण दिलं आहे. कुत्र्याने आयुष्यभर इमानाने सेवा केली असेल, तर तो निकामी झाल्यावरही मालकाने त्याला मरेपर्यंत सांभाळावं. पण कांटच्या मते हे कर्तव्य खरं म्हणजे कुत्र्याप्रती नाही. जनावराशी निष्ठुर वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही निष्ठुर होतो, म्हणून स्वतःतला माणूस जपायचा. मला यात दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे हे पेन्शन आहे, आणि पेन्शनला आधी नोकरी लागते. ठकीने आमच्याकडे एकदाच पाल मारली, तीही आईच्या उशीवर आणून ठेवली. दुसरी अडचण म्हणजे या मांडणीत ठकी एक सरावाचं साधन होते, जिममधल्या डंबेलसारखी. तिला दुखतं ही गोष्ट मोजलीच जात नाही.

दुसरं कारण जीवदया. आपल्याकडे त्याची मोठी परंपरा आहे. १८३२मध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतरांनी मुंबईचा पांजरपोळ सुरू केला. म्हाताऱ्या, लंगड्या, भाकड जनावरांना मरेपर्यंत जागा देणारी ही संस्था. आमच्या जवळ भोसरीलाही पांजरपोळ आहे. उपयोग संपलेल्या जिवाला चारा घालायचा हा विचार कारखान्यांच्या या पट्ट्यातही टिकून आहे, याचं मला कौतुक वाटतं. पण दया सगळ्यांवर सारखी असायला हवी. मग पार्किंगमधल्या सात मांजरांना सोडून एकट्या ठकीवर एवढा खर्च कशासाठी? दयेकडे याचं उत्तर नाही.

तिसरं कारण प्रेम. ते आहेच. पण पहाटे तीनला गादीवर झालेली उलटी पुसायला उठतो तेव्हा मनात प्रेम नसतं, झोप असते. प्रेम कमी-जास्त होतं. ज्या दिवशी ते कमी असेल त्या दिवशीही ताटली भरलीच पाहिजे, तर ती भरायला लावणारं कारण प्रेमापेक्षा वेगळं असणार.

*

मला पटलेलं कारण असं आहे. ठकीचे बाहेरचे रस्ते आम्ही बंद केले आहेत.

ती आली तेव्हा तिच्यापुढे बरेच रस्ते होते. पार्किंग होतं, कचऱ्याची पेटी होती, रेल्वे स्टेशनच्या बाजूची मासळीवाली होती, उंदीर होते. आम्ही गॅलरीला जाळी लावली, म्हणजे ती पाचव्या मजल्यावरून पडू नये. तिचं ऑपरेशन केलं, म्हणजे पिल्लं होऊ नयेत. रोज ठरलेल्या वेळी खायला घातलं, त्यामुळे शिकारीची सवय गेली. आणि शेवटी दात काढले, म्हणजे दुखू नये. यातला प्रत्येक निर्णय तिच्या भल्यासाठी होता आणि आजही तोच घेऊ. पण चांगल्या हेतूने बंद केलेला रस्तासुद्धा बंदच असतो. मांजर कुठेही राहिली तरी कधीही निघून जाऊ शकते, ही तिची ऐट असते. ठकीची ती ऐट आता फक्त चालण्यात उरली आहे. तिला आमच्याशिवाय दुसरं काही नाही, आणि हे तसं आम्ही केलं आहे.

क्लेअर पामर या अभ्यासकेने २०१०मधल्या पुस्तकात असा विचार सविस्तर मांडला आहे. रानातल्या प्राण्याला आपण त्रास देऊ नये, एवढं पुष्कळ. पण ज्या प्राण्याला माणसाने स्वतःवर अवलंबून केलं, त्याला मदत करणं हे माणसाचं देणं होतं. मला हे पटतं, कारण पार्किंगच्या सात मांजरांचा प्रश्न त्यातून सुटतो. त्यांच्यावर गाडी घालायची नाही, दगड मारायचा नाही, उन्हाळ्यात पाणी ठेवायचं, एवढं मी त्यांचं लागतो. ठकीचं मी जास्त लागतो. ती जास्त गोड आहे म्हणून हे नाही. तिचं आयुष्य माझ्या निर्णयांनी बनलं आहे, म्हणून.

कायदाही हे मान्य करतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा केला तर दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज मांजराच्या ओल्या खाण्याचं एखादं पाकीट येतं. म्हणजे ही गोष्ट दंडाच्या भीतीने कोणी करणार नाही. ती स्वतःच ठरवून करावी लागते.

*

दात नसणं आणि सांभाळणं यांचं नातं फार जुनं आहे. जॉर्जिया देशात द्मानिसी इथे सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची एक आदिमानवाची कवटी सापडली. तिचे जवळजवळ सगळे दात मरणाच्या बरेच आधी पडले होते. जबड्यातल्या दातांच्या खोबण्या हाडाने भरून आल्या होत्या, म्हणजे दात गेल्यावरही तो माणूस काही वर्षं जगला. २००५मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा प्रश्न आला की त्याला खायला कोण घालत होतं? काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला. दात गेलेली माकडं आणि वानरंही रानात कधीकधी जगतात, तेव्हा हा मऊ काहीतरी शोधून एकटाही जगला असेल. आक्षेप योग्य आहे. एका कवटीवरून माया सिद्ध होत नाही.

पण समजा लाखभर वर्षांनी आकुर्डीत कोणी उत्खनन केलं आणि पाचव्या मजल्याच्या ढिगाऱ्यात बिनदाताच्या म्हाताऱ्या मांजरीचा सांगाडा मिळाला, तर असा वाद होणार नाही. पाचव्या मजल्यावर मऊ अन्न आपोआप उगवत नाही. कोणीतरी ते करत होतं.

हे मऊ करणं आपल्याला नवं नाही. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली भाकरी, खलबत्त्यात कुटलेला विडा. नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नये म्हणून. त्यांना त्या कुत्र्यात देव दिसला, असा त्या गोष्टीचा अर्थ सांगतात. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा आईकडून ही गोष्ट हमखास ऐकायला मिळते. मला तेवढी श्रद्धा नाही. पण त्या गोष्टीतला साधा भाग मला उपयोगी पडतो. भाकरीवर कुत्र्याचा हक्क आहे की नाही, यावर नामदेव थांबले नाहीत. खाणाऱ्याच्या घशातून ती नीट उतरेल का, एवढंच त्यांनी पाहिलं.

*

आता अवघड भाग. तो टाळला तर हा लेख खोटा होईल.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंच्या खालच्या दाढा नाहीत. ऑपरेशनचा आकडा त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, 'दादा, मांजरीचे दात काढायला एवढे पैसे? एवढ्यात माझे बसले असते की.'

याला माझ्याकडे हुशार उत्तर तयार होतं. फोन घेतला तेव्हा हा प्रश्न आला नसता, मग मांजरालाच का? उत्तर खरंही आहे. गरिबांची आठवण आपल्याला जनावरांवरचा खर्च पाहून होते, स्वतःवरचा पाहून होत नाही. पण काकूंना हे ऐकवण्यात अर्थ नव्हता, कारण त्या ठकीच्या विरोधात बोलतच नव्हत्या. त्यांच्या तोंडात दाढा नाहीत एवढंच त्या सांगत होत्या. त्या दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी कवळी करून घेतली. ते पैसे त्यांच्या कामाचे होते. कोणी दया म्हणून दिले असते तर त्यांनी घेतलेही नसते. यातून मी एवढंच शिकलो की एक देणं दुसऱ्या देण्याने फिटत नाही. ठकीला उपाशी ठेवून काकूंचा पगार वाढत नाही, आणि ठकीला चिकन घातलं म्हणून काकूंच्या पगाराचा प्रश्न मिटत नाही. दोन खाती वेगळी आहेत आणि दोन्ही माझ्या नावावर आहेत.

तिसरंही एक खातं आहे, कोंबडीचं. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक तिला अन्नातूनच मिळवावा लागतो, आणि तो मांसात असतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो. हृदयही मोठं आणि दुबळं होतं, हे १९८७मध्ये स्पष्ट झालं. दूध-भातावर मांजर सांभाळणं म्हणजे हळूहळू उपाशी मारणं आहे. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. म्हणजे एका ठकीसाठी दर आठवड्याला कोंबडी मरते. त्या कोंबडीचे रस्ते तर जन्मापासूनच बंद होते. माझ्याच नियमाने तिचंही देणं कोणीतरी लागतं, आणि ते कोणी देत नाही. यातून सुटका करणारं वाक्य मला सापडलेलं नाही. फक्त हा खर्च कोणाच्या जिवावर चालला आहे, हे विसरू नये असं वाटतं.

*

शेवटचा प्रश्न थांबण्याचा. आयुष्य माझ्या निर्णयांनी बनलेलं असेल, तर मरणाचा निर्णयही माझ्याकडेच येणार.

१९२८मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होतं, वाचण्याची आशा नव्हती. गांधींनी डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन देऊन त्याचा शेवट करवला. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने हे केलं म्हणून देशभर गदारोळ झाला. गांधींनी लेख लिहून आपली बाजू मांडली. या प्रसंगात मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की वासराला विचारता येत नव्हतं आणि तरीही कोणालातरी ठरवायचं होतं. 'आपण हात लावायचा नाही' हाही निर्णयच असतो. त्याने फक्त ठरवणाऱ्याचे हात स्वच्छ दिसतात.

ठकीलाही विचारता येत नाही, आणि मांजरं दुखणं लपवतात. म्हणून बघायला शिकावं लागतं. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोकं, अशा पाच गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक झालेत का, मिशा ताठ झाल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. गुण चारच्या आसपास गेले की डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. आपल्या घरातली गोळी मात्र कधीच द्यायची नाही. साधी पॅरासिटामॉलसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

या मोजपट्टीचं मोल मला वेगळ्या कारणासाठीही वाटतं. ती माझ्याबद्दल काहीच विचारत नाही. मला तिचा विरह सहन होईल का, मी कंटाळलोय का, या महिन्यात पैसे आहेत का, यातलं काहीही तिच्यात नाही. आपल्यावर पूर्ण अवलंबून असलेल्या जिवाबद्दल ठरवताना सगळ्यात मोठा धोका हाच असतो, की आपल्याला झेपतंय का नाही यालाच आपण त्याचं सुख-दुःख समजून बसतो. थकलो की म्हणतो, तिचेच हाल होताहेत. सोडवत नसलं की म्हणतो, तिलाच जगायचंय.

सध्या ठकीचे गुण शून्य-एकच्या आसपास असतात. ती दिवसातून चारदा खाते, अंग चाटते, गॅलरीच्या जाळीपलीकडे कबूतर आलं की अंग चोरून दबा धरते आणि दात नसलेला जबडा कटकट हलवते. तिला दात नाहीत हे तिला माहीत नसावं, किंवा त्याने तिला फरक पडत नसावा. ज्या दिवशी कबूतर येईल आणि ती मान वळवणार नाही, त्या दिवसापासून आम्ही घरातले तिघं गुण रोज लिहायला लागणार आहोत, तेही वेगवेगळ्या कागदांवर आणि एकमेकांचे न बघता. आठवड्याने ते समोरासमोर ठेवायचे, असं बाबांनी सुचवलं आहे. कारखान्यात मोजमाप घेताना ते असंच करायचे, म्हणजे एकाच्या मनातलं माप दुसऱ्याच्या हातात उतरत नाही.